घडी कोणाची

लवंगीला माफ करता येत नसे. काही माणसांना पोहता येत नाही, काहींना शिट्टी वाजवता येत नाही, तसं हिला माफ करता येत नसे. आणि ते शिकून घ्यावं असं तिला उभ्या जन्मात कधी वाटलं नाही. शेजारणीने एकदा हिच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर आपलं ओलं पांघरूण टाकलं होतं. त्यानंतर दोघींची मुलं शाळेत गेली, मोठी झाली, संसाराला लागली, पण लवंगीने गच्चीवर स्वतःची वेगळी दोरी बांधली ती बांधलीच. शेजारीण भेटली की हसायची, विचारपूस करायची, तिच्या सुनेचं बाळंतपणही हिनेच केलं. दोरी मात्र वेगळीच राहिली.

अंगाने बुटकी, काटकुळी आणि जिभेला आग, म्हणून नर्सिंगच्या शाळेतच कुणीतरी तिला लवंगी मिरची म्हटलं. पुढे मिरची गळून गेली, तिखटपणा राहिला. मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या लेबर रूममध्ये ती नोकरीला लागली आणि तिथेच मोठी सिस्टर झाली. हाताखालच्या पोरी तोंडावर तिला ताई म्हणत आणि पाठीमागे लवंगी म्हणत. तिला दोन्ही माहीत होतं.

आता घडीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिच्यावरून झालं.

लवंगीच्या स्वतःच्या पहिल्या बाळंतपणात कळा कमरेत उतरल्या आणि ती आडवीतिडवी होऊ लागली, तेव्हा सासूबाईंनी कपाटातली चादर ओढली, तिची चौपदरी घडी घातली आणि लवंगीच्या डाव्या अंगाखाली, कमरेच्या जरा खालच्या बाजूला, सरकवली. बाळ सुखरूप आलं. टाका एकही पडला नाही. लवंगीने ही युक्ती लेबर रूममध्ये नेली. बाळाचं डोकं दिसायला लागलं की चादरीची चौपदरी घडी डाव्या अंगाखाली द्यायची. घडी दिलेल्या बाईला फाटत नाही, टाके कमी पडतात, असा तिचा पक्का अनुभव होता. बाकीच्या सिस्टर्सही तिचं बघून तसंच करू लागल्या. 'ताईंची घडी आण गं,' असं म्हटलं की आया समजून चादर आणायची.

त्या सुमाराला विभागाला नवे प्रमुख आले. रुग्णालयात डॉक्टर पुष्कळ होते, पण नुसतं 'सर' म्हटलं की हेच. दिसायला रुबाबदार, बोलायला गोड, आणि हात चांगला, हे लवंगीही नाकारत नसे. फक्त एक खोड होती. बाई सुखरूप सुटली की ते 'माझी पेशंट' म्हणत, आणि काही बिनसलं की 'सिस्टरांनी मला उशिरा कळवलं' म्हणत. हे ते ठरवून करत असंही नाही. मांजर कुठूनही पडलं तरी पायांवर पडतं, तसे सर पडत.

एकदा सकाळच्या फेरीत त्यांनी घडी पाहिली आणि विचारलं, "हे काय, सिस्टर?" लवंगीला आनंदाने काही सुचेना. तिने घडी कशी घालायची, कुठे द्यायची, कधी काढायची, सगळं हौसेने करून दाखवलं. सरांनी दुसऱ्यांदा दाखवायला सांगितलं, फोटोवाल्याला बोलावलं, आणि फोटो काढताना तिला म्हणाले, "सिस्टर, जरा बाजूला व्हा, सावली पडतेय." ती बाजूला झाली.

पुढच्या परिषदेत सरांनी घडीवर भाषण केलं. मग लेख आला, मग मोठं पारितोषिक मिळालं, आणि मग लेबर रूमच्या बाहेरच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत फोटो लागला. हातात चादर घेतलेले सर, आणि खाली ठळक अक्षरांत 'सरांची घडी'. आयासुद्धा तसंच म्हणू लागली. जग असंच असतं. आयत्या बिळावर नागोबा बसला की लोक बिळाला नागोबाचंच नाव देतात.

लवंगी सरांच्या खोलीत गेली.

"सर, ती घडी..."

"छान झालं ना सगळं? अहो, कल्पना काय, हवेत असतात. कुणीतरी पकडून कागदावर उतरवाव्या लागतात."

"पण हवेतून ती माझ्या हातात आली होती ना, सर?"

"आपण सगळे एकच कुटुंब, सिस्टर. लेखाच्या शेवटी आभारात 'परिचारिका वर्ग' असं लिहिलंय, बघा तुम्ही."

तिने बघितलं. लिहिलं होतं खरं, फोटोवाल्याच्या नावाखाली.

तेवढ्यावर भागलं असतं तर कदाचित तिने गच्चीवरच्या दोरीसारखं काहीतरी वेगळं बांधून घेतलं असतं. पण दर वर्षी नव्या नर्सेस आल्या की सर त्यांना हॉलमध्ये बसवून रुग्णालयाची ओळख करून देत, आणि भाषणाच्या मध्येच हात पुढे करून म्हणत, "सिस्टर, जरा माझी घडी करून दाखवा." आणि लवंगी पुढे होऊन टेबलावर चादर पसरायची, घडी घालायची, पोरी टाळ्या वाजवायच्या आणि सर मान लववायचे. चाकरी होती, करावं लागे. पण एकेका टाळीचा हिशेब तिने दाताखाली धरून ठेवला होता.

तिला पारितोषिक नको होतं. भिंतीवरची चौकटही नको होती. तिला एकच हवं होतं. या माणसाने एकदा, चारचौघांत, स्वतःच्या तोंडाने म्हणावं की ही घडी माझी नाही, या बाईची आहे. त्यासाठी ती मरेपर्यंत थांबायला तयार होती, आणि सर आधी मेले असते तर तिने त्यांना त्याबद्दलही माफ केलं नसतं.

अशी पुष्कळ वर्षं गेली. लवंगीचे केस पांढरे झाले, सरांनी काळे केले. आणि एक दिवस मेट्रनने सांगितलं की नर्सेस आणि सुइणींसाठी नवा अभ्यासक्रम सुरू होतोय. संशोधन कसं करायचं हे त्यांना शिकवणार. डॉक्टरांच्या संशोधनात हमाली कशी करायची ते नाही, ते सगळ्यांनाच येत होतं. स्वतःचा प्रश्न घेऊन, स्वतः पुढे होऊन अभ्यास कसा चालवायचा, ते शिकवणार होते. या वयात कोण जातंय, असं बाकीच्या म्हणाल्या. लवंगीने त्याच दिवशी नाव दिलं. घडीचा शास्त्रशुद्ध अभ्यास करायचा, तो आपल्या नावावर छापून आणायचा आणि सरांच्या नाकावर टिच्चून सांगायचं, एवढाच तिचा विद्याव्यासंग होता.

घरी तिने हे जेवताना जाहीर केलं. नवरा बस डेपोत मेकॅनिक होता. बायको चिडली की इंजिन गार होईपर्यंत बॉनेट उघडायचं नाही, हे त्याला कळत होतं. तो गप्प जेवत राहिला. सासूबाईंना मात्र आता ऐकू कमी आणि कळायला जास्त येऊ लागलं होतं.

"घडी कोणाची म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

"माझी, आई."

"हो का? मग त्या दिवशी कपाटातली चादर कुणी ओढली होती? तू तर माझ्या नावाने शंख करत होतीस."

लवंगीचा घास हातात राहिला. इतक्या वर्षांत हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. "आई, खरंच की. मी तुमचं नाव कुठेच सांगितलं नाही. आता लिहीन, तुमचं नाव पहिलं लिहीन."

"नको गं बाई. मला माझ्या थोरल्या जाऊबाईंनी शिकवलं होतं. माझं नाव लिहिलंस तर मला तिचं सांगावं लागेल, आणि आमची बोलाचाली नाही."

डूख धरणं या घरात काही आपणच माहेरून आणलेलं नाही, एवढं लवंगीला त्या दिवशी समजलं.

अभ्यासक्रमाचा वर्ग रुग्णालयाच्या जुन्या धुलाईघराच्या वर भरायचा. खालून वाफेचा वास यायचा आणि पंखा फिरायचा कमी, कुरकुरायचा जास्त. शिकवणाऱ्या बाई एकेकाळी स्वतः वॉर्डात बेडपॅन उचललेल्या नर्स होत्या. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "आजवर तुम्ही दुसऱ्यांच्या अभ्यासासाठी रक्ताच्या बाटल्या वाहिल्यात. आता प्रश्न तुमचा आणि अभ्यासही तुमचा. उत्तर चुकलं तर काळं तोंडही तुमचंच." लवंगीला बाई एकदम आवडल्या.

शेजारच्या बाकावर लांबच्या आरोग्यकेंद्रातली एक सुईण बसायची. धिप्पाड, निवांत, आणि मनात येईल ते आवाज न चढवता सांगणारी. लवंगीने आपला प्रश्न उभं राहून मांडला. घडीने टाके कमी पडतात हे सिद्ध करायचंय, म्हणाली.

"सिद्ध करायचंय की तपासायचंय?" बाईंनी विचारलं.

"तपासायचं काय त्यात? मी डोळ्यांनी बघितलंय."

"बरं. घडी तुम्ही कोणाला देता?"

"सगळ्यांना."

"सगळ्यांना? एकूण एक बाईला?"

लवंगी जरा थांबली. "म्हणजे, जी ऐकते तिला. तडफडणारीच्या अंगाखाली घडी राहतच नाही, निसटते. आणि बाळ अडकलं, चिमटा लावायची वेळ आली, तर डॉक्टर येण्याआधी आम्ही घडी काढून टाकतो. त्यांना पाय नीट हवे असतात."

सुईण बाकावर रेलून म्हणाली, "म्हणजे जिचं सुखासुखी होणार होतं तिलाच घडी. आणि जिचं फाटणारच होतं तिची काढून घेतली. मग घडीवाल्या बायकांना टाके कमी पडणारच की हो. यात घडीने काय केलं?"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी सुइणीला चूकही म्हटलं नाही. लवंगी खाली बसली आणि त्या दिवसापासून तिने सुइणीशी बोलणं टाकलं.

पण डोक्यात किडा सोडला तो सोडलाच. दुसऱ्या दिवशी लेबर रूममध्ये ती स्वतःचेच हात बघत राहिली. शांत पडलेल्या मुलीला तिने घडी दिली. शेजारच्या खाटेवरची पाय झाडत होती, तिच्यासाठी घातलेली घडी तिने परत कपाटात ठेवली. तिसरीला डॉक्टर बोलवावे लागले, तेव्हा घडी आधी ओढून काढली आणि मग निरोप पाठवला. हे ती आयुष्यभर करत आली होती. हात आपोआप करत होते आणि डोकं श्रेय घडीला देत होतं. लवंगी चादरींच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं आणि पोटभर रडली. ज्या गोष्टीसाठी इतकी वर्षं जळली, ती गोष्ट बहुधा काहीच नव्हती. नुसती चादर होती.

रडून झालं, तोंड पुसलं, आणि मग तिचा खरा स्वभाव जागा झाला. आपण तर अडाणी, आपण नाही विचारलं. पण सरांनी का नाही विचारलं? एवढी परिषद गाजवली, पारितोषिक घेतलं, आणि 'कोणाला देता' हा एक साधा प्रश्न त्या माणसाला पडला नाही? चोरताना निदान माल तरी बघून घ्यायचा!

आणि त्याच रागात तिला दुसरी गोष्ट दिसली. घडी खरी ठरली, तर सर ती सात जन्म सोडणार नाहीत. पण खोटी ठरली तर? तर सर ती एक क्षण हातात धरणार नाहीत. टाकतील. आणि टाकतील कोणाच्या अंगावर, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

घरी तिने नवऱ्याला हे सांगितलं. तो पान्याने सायकल उघडून बसला होता.

"म्हणजे तुझीच घडी खोटी पडावी म्हणून तू अभ्यास करणार?"

"हो."

"याला आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणं म्हणतात."

"नाक माझं आहे ना? कापू दे मग."

"काप बाई," तो म्हणाला. "पण आपल्याच हाताने कापू नकोस. वाकडं कापलं जातं."

बोलला तो साधंच, पण ते तिच्या मनाला लागलं.

परवानगी देणाऱ्या समितीचे अध्यक्ष सरच होते. निवृत्तीला थोडे दिवस उरले होते, त्यामुळे गोडवा आणखी वाढला होता. अर्ज वाचून त्यांचा चेहरा फुलला.

"माझ्या घडीवर अभ्यास! वा, सिस्टर. हे कधीच व्हायला हवं होतं. मार्गदर्शक म्हणून माझं नाव घालायला हरकत नाही हं."

"घातलं असतं, सर. पण ज्याचं लेकरू त्यालाच परीक्षक करायचं नाही, असा नियम आहे."

"लेकरू!" सरांना शब्द फार आवडला. "खरं आहे, खरं आहे. बापाने लांबच राहावं." आणि त्यांनी झोकदार सही केली.

लवंगी जिंकल्यासारखी जिना उतरू लागली आणि अर्ध्या जिन्यात थबकली. नियम तर तिलाही लागू होता. लेकरू तिचंच होतं, आणि वर त्याने नापास व्हावं अशी तिची इच्छा होती. ती तशीच धुलाईघराच्या वर गेली आणि बाईंसमोर उभी राहिली.

"बाई, घडी माझी आहे. सरांनी ती माझ्याकडून घेतली. आणि अभ्यासात ती हरावी असं मला वाटतं. मनापासून वाटतं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हरली नाही तर?"

"तर सर जिंकले. मग मी छापून आणीन आणि आयुष्यभर जळेन."

"बरं झालं सांगितलंत. अभ्यास तुम्हीच चालवायचा, पण तो चालू असेपर्यंत लेबर रूमच्या दाराच्या आत पाऊल टाकायचं नाही. टाके कुणाला पडले हे तपासणारं माणूस तुमच्या मर्जीतलं नको."

लवंगीने विचार केला. तिच्या मर्जीत नसलेली आणि कुणाची भीडभाड न ठेवणारी बाई तिला एकच माहीत होती. नाक मुठीत धरून ती सुइणीकडे गेली. सुईण एवढंच म्हणाली, "बोलायला लागलात का? छान." प्रसूती झाली, घडी असली तर ती काढली, चादर बदलली, की सुइणीला आत बोलवायचं. कुणाला घडी होती आणि कुणाला नव्हती हे तिला कुणी सांगायचं नाही, असं ठरलं.

कोणाला घडी द्यायची हे कुणीच आपल्या मनाने ठरवायचं नव्हतं. अभ्यासाला तयार झालेल्या बाईच्या वेळेला एक बंद पाकीट उघडायचं. आतल्या चिठ्ठीवर 'घडी' असेल तर घडी द्यायची, 'नाही' असेल तर नाही. बाई तडफडो की शांत पडो, चिठ्ठीचा शब्द शेवटचा. लवंगीने हाताखालच्या पोरींना हे घोकून घोकून शिकवलं, आणि मग स्वतः लेबर रूमच्या बाहेर बाकावर जाऊन बसली. आतून ओरडणं ऐकू यायचं, मग बाळाचं रडणं. मधे नेमकं काय चाललंय ते तिला आवाजावरून कळायचं आणि हात शिवशिवायचे. आयुष्यात इतकी मोठी शिक्षा तिला कुणी दिली नव्हती.

थोड्या दिवसांनी तिच्या लक्षात आलं की काहीतरी गडबड आहे. बाहेर येणाऱ्या खाटा आणि आतून जमा होणाऱ्या उघडलेल्या चिठ्ठ्या पडताळता पडताळता तिला दिसलं, की पहिलटकरणी, घाबरलेल्या, कोवळ्या पोरी, यांच्याच वाट्याला घडी येतेय. धडधाकट, दोन पोरांच्या आया सगळ्या बिनघडीच्या. चिठ्ठीला एवढी दयामाया कुठून आली? तिने धाकट्या सिस्टरला पकडलं. ती आधी 'नाही ताई', मग 'देवाशपथ ताई', आणि मग रडतच म्हणाली, "एक्स-रे बघायच्या दिव्यासमोर पाकीट धरलं ना, की आतलं दिसतं."

"आणि?"

"'नाही' निघालं की आम्ही ते पाकीट परत गठ्ठ्याच्या तळाशी घालतो आणि पुढचं घेतो. बिचारीला घडी मिळावी म्हणून. आणि ताई, तुमची घडी हरायला नको म्हणून. ती तुमचीच आहे हे आम्हा सगळ्यांना माहितेय."

लवंगीला त्या पोरीला मारावं की मिठी मारावी ते कळेना. शेवटी तिने दोन्ही केलं नाही, नुसतं झापलं. "दयाच करायची तर देवळाबाहेर जाऊन बसा. असल्या दयेनेच मी इतकी वर्षं आंधळी झाले." पण हे सांगताना तिच्या मनात आलं की खोटेपणा उलट्या बाजूने झाला असता, घडीला पाडण्यासाठी झाला असता, तर आपण एवढ्या तडफेने पकडला असता का? उत्तर तिला आवडलं नाही. तिने तोवर गोळा झालेलं सगळं रद्द केलं, बाईंना कळवलं, पाकिटांच्या आत चांदीचा कागद लावून घेतला, एक्स-रेचा दिवा दुसऱ्या खोलीत हलवला आणि अभ्यास पहिल्यापासून सुरू केला. मध्यंतरी सर निवृत्त झाले. हार घालताना लवंगीही रांगेत होती. "माझ्या घडीचं काय झालं?" त्यांनी हसून विचारलं. "येईल कानावर, सर," ती म्हणाली.

उत्तर आलं ते एका दुपारी, धुलाईघराच्या वर. बाईंनी दोन्ही गट समोरासमोर ठेवले. सुइणीने तपासलेले टाके घडीवाल्यांना जितके पडले होते, तितकेच बिनघडीवाल्यांनाही पडले होते. घडीने फायदा काही नव्हता. तोटाही नव्हता. नुसती चादर होती.

"अभिनंदन म्हणू का?" बाईंनी विचारलं.

"म्हणा," लवंगी म्हणाली, आणि तिला हुंदका आला. हरावी असं मनापासून वाटत होतं आणि हरल्यावर रडू आलं, दोन्ही खरं होतं. सुइणीने तिच्यासमोर पाण्याचा पेला सरकवला.

निकाल मांडायची सभा रुग्णालयाच्या मोठ्या हॉलमध्ये झाली. डॉक्टर, विद्यार्थी, बाहेरगावचे पाहुणे, आणि मागे भिंतीला टेकून नर्सेस आणि आया. सरांना सन्मानाने बोलावलं होतं. ते पहिल्या रांगेत, हातात पुष्पगुच्छ घेऊन बसले होते. लवंगी व्यासपीठावर चढली तेव्हा माइक तिच्या कपाळाला लागत होता. कुणीतरी येऊन तो खाली केला. तिने सगळं सांगितलं. पाकिटं, एक्स-रेचा दिवा, रद्द केलेले दिवस, पुन्हा केलेली सुरुवात, आणि शेवटी निकाल. घडी कोणाची हे मात्र तिने सांगितलं नाही. सबंध भाषणात ती नुसती 'घडी' म्हणाली.

सरांच्या हातातला पुष्पगुच्छ हळूहळू मांडीवर आला.

एक पाहुणे डॉक्टर उठले. वयाने सरांच्याच बरोबरीचे, चष्मा कपाळावर चढवलेले. "माझा साधा प्रश्न आहे. आमच्याकडेही ही घडी इतकी वर्षं वापरतात. कुठलीही तपासणी न करता ही गोष्ट सुरू केली कुणी?"

हॉलमधली निम्मी डोकी पहिल्या रांगेकडे वळली. लवंगीने टेबलाची कड घट्ट धरली. तिला वाटलं, आता जर हा माणूस उठून 'मी केली, माझी चूक झाली' म्हणाला, तर आपण संपलो. मग त्याला मोठा म्हणावं लागेल, आणि आपला राग घेऊन घरी जावं लागेल. इतकी वर्षं ज्याच्यावर डोळा ठेवला, तो नेमका आज माणूस निघायला नको होता.

सर उठले. तेच रुबाबदार उभं राहणं, तोच गोड आवाज.

"एक खुलासा करतो. गैरसमज नको. खरं पाहता ही घडी मूळ माझी नव्हेच. ही आमच्या याच सिस्टरांची. त्या वेळी त्यांचा फार आग्रह होता, आणि मी आपला विश्वासाने ती पुढे मांडली. श्रेय म्हणा, दोष म्हणा, त्यांचाच."

लवंगीचे कान तापले. ती हसली नाही, रडलीही नाही.

"सर, मागे ऐकू गेलं नसेल," ती म्हणाली. "माइकवर सांगता का?"

आता माइक हातात आल्यावर सरांना काय ते उमगलं असावं, कारण त्यांनी मागे वळून पाहिलं. भिंतीला टेकलेल्या सगळ्या जणी सरळ उभ्या राहिल्या होत्या. पण बोललेलं गिळता येत नाही, आणि हॉल वाट बघत होता. "घडी माझी नव्हती," सर म्हणाले. "सिस्टरांची होती." आवाज मोठा झाला होता आणि गोडवा कुठल्या कुठे गेला होता.

"मग पारितोषिक कशाबद्दल घेतलंत?" पाहुण्या डॉक्टरांनी विचारलं. ते टोचून बोलत नव्हते, त्यांना खरंच कळत नव्हतं. मागे कुणीतरी फसकन हसलं, आणि हसू भिंतीभिंतीने पुढे पसरत आलं. सर तोंड उघडून तसेच उभे राहिले.

लोक म्हणतात, सूड उगवला की माणूस आतून रिकामं होतं, काही उरत नाही. म्हणोत बापडे. लवंगी काही रिकामी झाली नाही. तिला इतकं बरं वाटत होतं की हॉलमधलं हसू पूर्ण थांबेपर्यंत तिने सरांना तसंच उभं राहू दिलं.

मग ती म्हणाली, "हो. घडी माझी होती. चुकीची होती, आणि माझी होती. उद्यापासून ती कुठल्याही बाईच्या अंगाखाली द्यायची नाही." आणि पहिल्या रांगेकडे बघून म्हणाली, "झालं, सर. बसा आता."

सर बसले.